लंडनमधला एक रविवार : किती चर्च होतील?

भटकी_चप्पल
मे महिन्यात लंडनला चार दिवस आहोत, त्यातला एक रविवार. मी, नवरा आणि सासरे (वय ७२, चालायला ठणठणीत). टूरवाल्या एजंटने सांगितलं, "रविवारी वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स बंद, मॉल फिरा." मॉल फिरायला लंडन कशाला?

माझा हिशेब वेगळा आहे. रविवारी चर्च बंद कसं असेल? तो तर त्यांच्या धंद्याचा दिवस! आम्ही ख्रिस्ती नाही. पण नुसत्या भिंती आणि काचा बघण्यापेक्षा आत चाललेली प्रार्थना बघायला आवडेल, आणि तीही एकाच प्रकारची नको. तर प्रश्न असे:

१. एका रविवारी धावपळ न करता किती चर्च होतील?
२. इतर धर्मीयांनी प्रार्थनेला बसलेलं चालतं का?
३. आत गेल्यावर काय करायचं, काय नाही?

कांदेपोहे
प्रसाद मिळतो का, हा चौथा प्रश्न राहिला.

टेम्सकाठचा
एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे. रविवारी ॲबी आणि सेंट पॉल्स *पर्यटकांना* बंद असतात, प्रार्थनेला येणाऱ्यांना उघडी. एरवी ॲबीचं तिकीट माणशी तीस पौंडांच्या घरात जातं, प्रार्थनेला मात्र प्रवेश मोफत. त्यात गोम अशी की प्रार्थनेला गेलात तर हिंडायला मिळत नाही. स्वयंसेवक बसवतील तिथे बसायचं आणि संपल्यावर त्यांनी दाखवलेल्या वाटेने बाहेर पडायचं. फोटो नाहीत, ऑडिओ गाइड नाही, तळघर नाही, घुमटावर चढणं नाही.

दुसरी गोम वेळेची. रविवारी सायंप्रार्थना, म्हणजे इव्हनसाँग, ॲबीत दुपारी तीनला, सेंट पॉल्समध्येही तीनच्याच सुमारास. त्यामुळे तीनची वेळ एकाच ठिकाणी खर्च करता येते. "आधी हे मग ते" जमत नाही. सोमवार ते शुक्रवार दोन्हीकडे संध्याकाळी पाचला असते, फक्त बुधवारी ॲबीत बहुधा गायन नसतं, नुसतं वाचन. म्हणजे दोन्ही हवं असेल तर एक रविवारी आणि दुसरं मंगळवारी किंवा गुरुवारी.

आदल्या आठवड्यात त्या त्या चर्चच्या साइटवरचं वेळापत्रक बघाच. सणावाराला आणि सरकारी समारंभांना वेळा हलतात.

नास्तिकराव
म्हणजे तीस पौंड वाचवायला भक्तीचा आव आणायचा. मग "भारतीय पर्यटक असेच" म्हणून ओरडही आपणच करायची. पंढरपुरात कोणी गोरा दर्शनाच्या रांगेत फक्त खांबांचं कोरीवकाम बघायला घुसला तर चालेल का तुम्हाला?

टेम्सकाठचा
चालेल की. रांगेत उभा राहिला, धक्के खाल्ले, तर तो आपलाच.

गंमत सोडा. ॲबी सरकारच्या किंवा राजघराण्याच्या नियमित अनुदानावर चालत नाही, मुख्यतः तिकिटांवर चालते, हे खरं आहे. म्हणून तबक फिरतं तेव्हा काहीतरी टाकावं. पण प्रार्थना सर्वांना खुली आहे हे त्यांचंच धोरण आहे, पळवाट नव्हे. दारातला माणूस विचारतो, "प्रार्थनेसाठी आलात का?" हो म्हणायचं आणि शेवटपर्यंत बसायचं, एवढाच करार. वीस मिनिटांनी उठून बूट वाजवत बाहेर जाणारा खरा अपराधी.

वसईकर
भटकी_चप्पल, प्रश्न दोन आणि तीनचं उत्तर देतो. आमच्याकडे चर्चला अजूनही "देऊळ" म्हणतात, तेव्हा तुम्ही देवळातच जाताय असं समजा, निम्म्या चुका आपोआप टळतील. उरलेल्या निम्म्या नेमक्या त्याच समजुतीमुळे होतात.

चपला बाहेर काढायच्या नाहीत. इथिओपियनसारख्या काही परंपरांत काढतात, लंडनच्या इतर चर्चमध्ये तुम्ही अनवाणी शिरलात तर लोक काळजीने विचारपूस करतील. पुरुषांनी टोपी काढायची. म्हणजे आपल्याकडे डोकं झाकतो आणि पाय उघडे ठेवतो, तिथे बरोब्बर उलटं. सासऱ्यांची पांढरी टोपी असेल तर आत शिरताना हातात. शिखांच्या पगडीला कोणी हरकत घेत नाही.

दाराशी दगडी किंवा धातूच्या भांड्यात पाणी असतं. कॅथलिक माणूस त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतो. तुम्ही काही केलं नाही तरी चालतं. तीर्थ म्हणून पिऊ मात्र नका, दिवसभर शेकडो बोटं त्यात बुडालेली असतात.

वेदीला प्रदक्षिणा नाही. वेदीपुढे कठडा किंवा पायऱ्या असतील, त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कांदेपोहे यांच्या प्रश्नाचं उत्तर. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य प्रार्थनेत, एका टप्प्यावर लोक रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू पांढरी पातळ चकती देतात. तो आपल्या अर्थाने प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचं शरीर आहे. ती चकती फक्त कॅथलिकांनी घ्यायची. बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं, गुडघे बाजूला करून रांगेतल्यांना वाट द्यावी. इंग्लंडमध्ये रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरले, उजवा तळवा डाव्या खांद्यावर आणि डावा उजव्या, तर नुसता आशीर्वाद देतात. रोममध्ये ती पद्धत रुळलेली नाही, तिथे बसूनच राहा. आणि चुकून चकती हातात पडलीच तर ती खिशात घालून "घरी आईला दाखवतो" असं करू नका. धर्मगुरू मिस्सा थांबवून मागे येऊ शकतात, आणि त्यांचं चुकत नाही. तिथल्या तिथे परत द्या.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या, चर्चमध्ये नियम थोडा सैल आहे: आपापल्या चर्चमध्ये प्रभुभोजन (म्हणजे ती चकती) घेणारा कुठल्याही पंथाचा बाप्तिस्मा झालेला माणूस घेऊ शकतो. तुमचा बाप्तिस्मा नाही, म्हणजे तिथेही आशीर्वादच.

कांदेपोहे
म्हणजे प्रसाद नाही.

वसईकर
आहे. प्रार्थना संपल्यावर मागच्या बाजूला चहा-बिस्किटं. तो सगळ्या धर्मांना चालतो.

अष्टपैलू_आत्या
हात मिळवण्याचं कोणी लिहिलं नाही. मध्येच सगळे अचानक वळून शेजाऱ्याशी हात मिळवायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी संपलं, आणि तो पिशवी उचलतो. संपलेलं नसतं! तो शांतीचा विधी. "पीस बी विथ यू" म्हणायचं आणि हात पुढे करायचा. नमस्कार केलात तरी लोक हसून नमस्कार करतात.

आणि बसायला पुढची रांग घेऊ नका. उठायचं कधी, बसायचं कधी हे पुढच्या माणसाला बघून करायचं असतं, पहिल्या रांगेत पुढे कोणीच नसतं. मागून तिसरी-चौथी रांग, मधल्या वाटेपासून आतली खुर्ची.

सूरपेटी
वा, कोणीतरी इव्हनसाँगचा विषय काढला. आता ऐका.

साधारण ४५ मिनिटांचा कार्यक्रम. त्यात प्रभुभोजन नाही, म्हणजे वरची सगळी चिंता मिटली. प्रवचनही नसतं, मात्र रविवारी असू शकतं. प्रार्थनेचे शब्द १६६२च्या प्रार्थनापुस्तकातले. जवळपास सगळं गायकवृंद गातो, आपण ऐकायचं. म्हणून इतर धर्मीयांना सुरुवात करायला याहून सोपं काही नाही.

गायक दोन बाजूंना समोरासमोर बसतात. दक्षिणेकडचे डेकॅनाय, उत्तरेकडचे कँटोरिस. स्तोत्र सुरू झालं की एक कडवं या बाजूने, पुढचं त्या बाजूने. फडावरच्या भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून चरण उचलतात ना, बैठक तीच. टाळ नाहीत आणि कोणी उडी मारत नाही एवढाच फरक. स्तोत्राच्या प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक विसावा असतो, तो ऐका. घुमटात आधीचा सूर विरेपर्यंत थांबतात. इमारत जितकी मोठी तितका विसावा लांब.

क्रम असा: गायकवृंद आला की उभं राहायचं. स्तोत्राला बसायचं किंवा उभं राहायचं, ते हातातल्या छापील कागदावर असतं. पहिलं वाचन बसून. मग मारियेचं गीत, उभं राहून. दुसरं वाचन बसून. मग शिमोनाचं गीत, उभं. मग श्रद्धेचा स्वीकार, त्यात सगळे पूर्वेकडे तोंड करतात. तुम्ही शब्द म्हणू नका, नुसतं उभं राहा. मग प्रार्थना, गुडघे टेकून किंवा बसून. मग अँथम, म्हणजे त्या दिवसाची खास रचना, बसून ऐकायची. शेवटी ऑर्गन वाजतो. तो वाजत असताना उठायला हरकत नाही, पण बसून ऐकाल तर नुकसान नाही.

टाळ्या वाजवायच्या नाहीत. कितीही वाटलं तरी.

अजून दोन खाचा. जिथे स्तोत्रांचं जुनं महिन्याचं कोष्टक पाळतात तिथे १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं, सत्तरीच्या वर ओव्यांचं. त्या दिवशी जेवणाची वेळ पुढे ढकला. दुसरं, मुलांच्या गायकवृंदाला शाळेच्या सुट्ट्या असतात. मे अखेरीस आठवडाभर, आणि जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा पाहुणे गायकवृंद येतात. वाईट नसतात, पण तुम्ही ज्यांचं नाव ऐकून आलात ते नसतात. तुमचा रविवार मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत बसवता आला तर बसवा.

भटकी_चप्पल
सूरपेटी, वाचनखूण साठवली! रविवार १०-१२ मेच्या आसपासचा आहे. ॲबीतच जाऊ मग. जागा कुठे मिळाली तर चांगलं?

सूरपेटी
गायकांच्या मागच्या लाकडी बाकांवर मिळाली तर नशीब. पाऊण तास आधी पश्चिम दाराशी रांगेत लागा. ती भरली की दोन्ही बाजूच्या आडव्या दालनांत बसवतात. दक्षिणेकडच्या दालनात म्हणजे कवींच्या कोपऱ्यात बसवलं तर रुसू नका. पायाखाली डिकन्स आहे, त्याच्या शेजारी किपलिंग. आपल्या मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेला.

पुरवणी
अवांतर, पण थोडंसंच.

पश्चिम दाराने आत गेलात की पहिल्यांदा अनामिक सैनिकाची समाधी लागते, काळा संगमरवर आणि भोवती लाल पॉपीची फुलं. त्या फरशीवर कोणी पाय देत नाही, राजघराण्यातल्या लग्नाची वरातसुद्धा वळसा घालून जाते. तिच्या पुढे, मधल्या दालनाच्या बरोबर मध्यावर, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याची शिळा आहे. "विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून आणलेला" असं तिच्यावर कोरलंय.

ते विश्वासू हात कोणाचे? १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला. त्याच्या सोबत्यांनी ते शरीर वाळवून, बांधून, महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला आणलं. त्यांतला जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सोडवलेला मुलगा नाशिकच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आफ्रिकन आश्रमात शिकलेला. लिहिणं-वाचणं त्याला तिथेच आलं. शवपेटीबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी ॲबीत झालेल्या अंत्यविधीत पेटीच्या मानकऱ्यांमध्ये, लिव्हिंगस्टनला आफ्रिकेत शोधून काढणाऱ्या पत्रकार स्टॅन्लीबरोबर, हाही होता. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना हे क्वचितच माहीत असतं.

प्रार्थनेला जाताना ही शिळा वाटेत दिसते. थांबून वाचायला एक मिनिट मिळतं, त्याहून जास्त नाही.

सेंट पॉल्समध्येही आपल्या ओळखीचे बरेच: सर विल्यम जोन्सचा पुतळा, हाताशी मनुस्मृतीच्या भाषांतराचा ग्रंथ. कॉर्नवॉलिसचं भलंमोठं स्मारक. कलकत्त्याचे बिशप हेबर. पण ते रविवारी सावकाश बघता येत नाही, त्यासाठी इतर वारी तिकीट काढा.

नास्तिकराव
नाशिकचं माहीत नव्हतं. दंडवत.
(मुद्दा मात्र सोडलेला नाही. तबकात काय टाकायचं ते सांगा, नाहीतर लोक दहा पेन्स टाकून येतील.)

टेम्सकाठचा
माणशी पाच पौंड शोभून दिसतात. हल्ली दाराशी कार्ड टेकवायचं यंत्र असतं, स्क्रीनवर ३, ५, १० असे आकडे. आपल्या कार्डाला परकीय चलनाचा आकार बसतो, म्हणून तिघांचे मिळून एकदाच टेकवा.

बाकावर छोटी पाकिटं असतात, "गिफ्ट एड" लिहिलेली. त्यावर नाव-पत्ता लिहून सही केली की चर्चला सरकारकडून दर पौंडामागे २५ पेन्स जास्त मिळतात. हे फक्त ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्यांसाठी. पर्यटकांनी भरायचं नाही. तिथे नोकरी करणाऱ्या मुला-सुनेच्या हाती पैसे देऊन त्यांच्या नावे टाकायची शक्कलही लढवू नका, दान त्यांचं स्वतःचं असावं लागतं.

सूचिपर्ण
लंडनच का? बार्सिलोनाला सग्रादा फमिलियात रविवारी सकाळी ९ला आंतरराष्ट्रीय मिस्सा असते, मोफत, पहिला येईल त्याला जागा. आठच्या आसपास रांगेत हवं. व्हिएन्नात हॉफबुर्गच्या चॅपेलमध्ये सप्टेंबर ते जून रविवारी सव्वानऊला बॉइज क्वायर गातो. आणि रोमचं पँथिऑन २०२३ पासून तिकीट घेतं, पण ते चर्च आहे, सन ६०९ पासून. मिस्साला येणाऱ्याला तिकीट नाही.

वसईकर
रोमची पुस्ती: व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि मोफत, आणि त्या दिवशीची रांग बघून तिकिटाचे पैसे स्वस्त वाटतात. पोप गावात असतील तर रविवारी दुपारी १२ला चौकात खिडकीतून प्रार्थना सांगतात, त्याला पास लागत नाही. रोमच्या छोट्या चर्चमध्ये खिशात सुटी नाणी ठेवा. सान लुइजीत काराव्हाज्जोची चित्रं अंधारात असतात, पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. सगळे दुसऱ्याने नाणं टाकायची वाट बघत उभे असतात.

कांदेपोहे
सोसायटीच्या लिफ्टच्या मेंटेनन्ससारखं.

अष्टपैलू_आत्या
लोकहो, भटकी_चप्पल लंडनला निघालीय, रोमला नाही. "एकाच प्रकारची नको" असं तिने लिहिलंय त्याकडे कोणाचंच लक्ष नाही. ॲबी आणि सेंट पॉल्स दोन्ही अँग्लिकन. म्हणजे पुण्याला येऊन दोन गणपती बघितल्यासारखं.

सूरपेटी
आत्यांचा मुद्दा बरोबर. मग वेस्टमिन्स्टर सोडून सकाळी साउथ केन्सिंग्टनला जा.

ब्रॉम्प्टन रोडवर, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या शेजारी, ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे कॅथलिक चर्च. रविवारी ११ला लॅटिनमध्ये गायनासह मिस्सा. बरोक थाट, धूप भरपूर. दम्याचा त्रास असेल तर मागे, बाजूच्या वाटेजवळ बसा, धूपदाणी मधल्या वाटेने जाते. सव्वा तास धरा.

त्याच्याच मागच्या अंगाला होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन, अँग्लिकनच, पण गिटार, ड्रम, पडद्यावर शब्द, हातात कॉफीचा कप. ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा अल्फा कोर्स जगभर पसरला तो इथून. एका कंपाउंडाच्या अंतरावर दोन टोकं बघायला मिळतात. इथे लोक आपणहून बोलायला येतात, नाव विचारतात. नंबर दिलात तर निरोप येणार, हे धरून चाला.

टेम्सकाठचा
आणि तिथून चालत दहा मिनिटांच्या आत एनिसमोर गार्डन्समधलं रशियन ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल. रविवारची उपासना सकाळी १०च्या सुमारास सुरू होते, दोन तास तरी चालते. आणि इथला रिवाज बाकी सगळ्यांपेक्षा उलटा: लोक उशिरा येतात, मेणबत्ती लावतात, चित्रांना वंदन करतात, थोडा वेळ उभे राहून जातात. त्यामुळे अर्ध्या तासासाठी जाऊन निघालात तर कोणाला खटकत नाही. शुभवर्तमानाचं (बायबलमधल्या ख्रिस्तचरित्राचं) वाचन चालू असताना मात्र हलू नका.

बाक जवळजवळ नाहीत, उभंच राहायचं. भिंतीलगत थोड्या खुर्च्या असतात त्या सासऱ्यांना. बसल्यावर पायावर पाय टाकायचा नाही, हात खिशात किंवा पाठीमागे धरायचे नाहीत. बायकांनी डोक्यावर स्कार्फ, ओढणी चालते. वेदी सोनेरी चित्रांच्या भिंतीआड असते. मधल्या दारांच्या अगदी पुढून आडवं जाऊ नका.

मेणबत्त्या दाराशी मिळतात, काडीसारख्या बारीक. गोल उभ्या समया जिवंत माणसांसाठी. क्रूस असलेलं चौकोनी टेबल मृतांसाठी. सासूबाईंच्या दीर्घायुष्यासाठी चौकोनी टेबलावर लावू नका.

भटकी_चप्पल
सासूबाई गावाला आहेत, त्यांना हा धागा दाखवणार नाही.

पुरवणी
ऑर्थोडॉक्सांची एक गोष्ट वेगळी: शेवटी पावाचे तुकडे वाटतात, ते प्रभुभोजन नव्हे, नुसता आशीर्वाद दिलेला पाव. तो इतर धर्मीयांनाही बहुतेक ठिकाणी देतात. कांदेपोहे, हा घ्या तुमचा प्रसाद.

आणि त्यांचा ईस्टर वेगळ्या तारखेला येतो. कोणी पुढच्या मेमध्ये जाणार असेल तर: २०२७ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला, ऑर्थोडॉक्स २ मेला. त्या दिवशीचा मुख्य विधी मध्यरात्री, सकाळचं नेहमीचं वेळापत्रक गृहीत धरू नका.

कांदेपोहे
अखेर! धागाकर्तीचे आभार, माझा प्रश्न सुटला.

मौनीबाबा
गोंगाट नको असेल तर सेंट मार्टिन्स लेनवर क्वेकर या ख्रिस्ती पंथाची सभा, रविवारी ११ला. धर्मगुरू नाही, वेदी नाही, गाणं नाही. खुर्च्या गोलाकार, एक तास शांतता. कोणाला आतून वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलतो, बसतो. त्यावर कोणी उत्तर देत नाही. शेवटी दोघे जण हात मिळवतात, ती संपल्याची खूण. उशिरा जाऊ नका आणि वेफर्सचं पाकीट पिशवीत ठेवू नका.

अष्टपैलू_आत्या
७२ वर्षांचे सासरे सोबत आहेत आणि इतक्या प्रतिसादांत एकानेही स्वच्छतागृह लिहिलं नाही! चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी पाहुण्यांसाठी नसतं, असलं तरी प्रार्थनेच्या वेळी वाट बंद. ऑरेटरीला लागून ते म्युझियम आहे ना, ते रविवारीही सकाळी १० ते पावणेसहा उघडं, प्रवेश मोफत. तिथे जाऊन घ्या, आधी आणि नंतर. तिथलं उपाहारगृहही बसायला छान, जरा महाग.

टेम्सकाठचा
स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे तर: सिटी रोडवरचं वेस्ली चॅपेल, मेथडिस्ट पंथाचं मूळपीठ, १७७८चं. मागे जॉन वेस्लीची समाधी, तळघरात संग्रहालय, आणि थॉमस क्रॅपरच्या कारखान्याचं व्हिक्टोरियन स्वच्छतागृह अजून चालू अवस्थेत. फक्त पुरुषांचं.

अष्टपैलू_आत्या
अर्थातच फक्त पुरुषांचं.

भटकी_चप्पल
सगळ्यांचं वाचून आराखडा केलाय, तपासा:

सकाळी पावणेदहा साउथ केन्सिंग्टन स्टेशन. १० ते १०:३० रशियन कॅथीड्रल. चालत ऑरेटरी, ११ची लॅटिन मिस्सा, सव्वाबारापर्यंत. म्युझियममध्ये जेवण. दीडला डिस्ट्रिक्ट लाइनने वेस्टमिन्स्टर, चार स्टेशनं. सव्वादोनला ॲबीच्या रांगेत, ३ची सायंप्रार्थना.

तीन पंथ, तीन चर्च. होली ट्रिनिटी आणि सेंट पॉल्स सोडले.

सूरपेटी
बसतंय. रशियनमधून १०:३५ला निघालात तरी चालेल, पण ऑरेटरीत ११च्या आधी दहा मिनिटं बसलेले हवे. घंटा झाल्यावर मधल्या वाटेने मिरवणूक येते, तेव्हा आत शिरणारा सगळ्यांना दिसतो. ऑरेटरीत गुडघे टेकायची वेळ येईल, सासऱ्यांनी बाकावरच पुढे सरकून मान खाली घातली की पुरे. बारीक घंटी वाजते तेव्हा आवाज नको.

टेम्सकाठचा
तीन दुरुस्त्या.

एक, रविवारी भुयारी रेल्वेची दुरुस्तीची कामं निघतात, डिस्ट्रिक्ट लाइनचा तेवढाच तुकडा बंद असू शकतो. शनिवारी रात्री बघून ठेवा. बंद असेल तर बस, आणि बसला पाऊण तास धरा. दोन, मोठ्या पिशव्या हॉटेलवर. ट्रॉली बॅग घेऊन ॲबीच्या दारात गेलात तर आत घेत नाहीत आणि ठेवून घ्यायची सोयही नाही. पाठीवरची छोटी सॅक उघडून दाखवावी लागते. तीन, एजंटच्या मॉलबद्दल: रविवारी मोठ्या दुकानांना सहाच तास उघडं राहायची परवानगी, ती बहुतेक सहाला बंद होतात. ॲबीतून चारला सुटलात तर त्याच्या मॉललाही न्याय मिळेल.

मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जाणाऱ्या इतरांसाठी: त्या पहाटे घड्याळं बदलतात. मार्चमध्ये एक तास हरवतो आणि ११ला पोचलेल्या माणसाला बाहेर पडणारी गर्दी भेटते. मोबाइल आपोआप बदलतो, सासऱ्यांचं एचएमटी नाही.

नास्तिकराव
आराखडा चांगला आहे. तिन्ही ठिकाणी मिळून पंधरा पौंड टाकणार का, ते लिहिलेलं नाही.

भटकी_चप्पल
माणशी पाच ॲबीत, बाकी दोन्हीकडे मेणबत्त्यांचे आणि तबकातले मिळून दहा. सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "देवळात दक्षिणेचा हिशेब करत नाहीत, पण सुटे पौंड मात्र आधीच काढून ठेव."

एक शेवटचा प्रश्न: स्कार्फ फक्त रशियनमध्ये लागेल ना? ऑरेटरीत काढायचा का?

वसईकर
काढला तरी चालेल, ठेवला तरी चालेल. ऑरेटरीत काही बायका जाळीचा घेतातच. ॲबीत गळ्यात टाका, दगडी इमारत आहे, मेमध्येसुद्धा गार वाटतं.